चेनसॉचे महाग पार्ट: नवा घेण्याआधी काय तपासायचे आणि काय वाचवायचे

चेनसॉ बंद पडली की बदलायला सांगितले जाणारे पार्ट ठरलेले असतात: कार्बोरेटर, कॉइल, सिलिंडर-पिस्टनचा सेट, नाहीतर ऑइल पंप. चारही महाग, आणि चारही बऱ्याचदा निर्दोष असतात. नवा कार्बोरेटर लावल्यावर मशीन चालू होते, म्हणून जुना खराब होता असे वाटते. प्रत्यक्षात त्याच्या आतला पातळ पडदा तेवढा ताठ झालेला असतो. याच्या उलटही घडते. नवा पिस्टन घातला आणि दोन टाक्या पेट्रोल जळेपर्यंत तोही ओरखडला, कारण क्रँकच्या दांड्यावरचे, हवा खेचणारे ऑइल सील तसेच राहून गेले.

म्हणून पार्टची किंमत विचारण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. नेमके काय मेले आहे, आणि ते कशाने मेले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नसेल तर महाग पार्ट मागवूच नका.

हत्यारे फार लागत नाहीत: टी२७ स्टार पाना (बहुतेक मशीनला हाच चालतो), प्लग पाना, फिलर गेज, कॉम्प्रेशन गेज, स्पार्क टेस्टर, आणि प्रेशर व व्हॅक्युम दोन्ही देणारा हातपंप. हातपंप घ्यायला लोक कचरतात, पण एखादा कार्बोरेटर चुकीचा मागवला की तेवढे पैसे गेलेच म्हणून समजा. कामाला लागण्याआधी चेन आणि पट्टी (चेन जिच्यावर फिरते ती गाइड बार) उतरवा, प्लगची टोपी काढा, टाकी रिकामी करा आणि उघड्या हवेत बसा.

आधी सायलेन्सर खोला

सायलेन्सर दोन-तीन स्क्रूंवर बसलेला असतो. तो काढला की एग्झॉस्टच्या भोकातून पिस्टनची एक बाजू आणि रिंग दिसते. टॉर्च मारा आणि दोरी हळूहळू ओढून पिस्टन वर-खाली करा. चांगला पिस्टन फिकट राखाडी असतो आणि त्यावर मशीनिंगच्या बारीक आडव्या रेषा अजून दिसतात. उभे ओरखडे, फासलेले ॲल्युमिनियम किंवा खाचेत चिकटून बसलेली रिंग दिसली तर इंजिन खोलावे लागणार. अशा वेळी कार्बोरेटर आणि कॉइलच्या मागे लागू नका.

ओरखडे कुठल्या बाजूला आहेत यावरून कारण कळते.

- फक्त एग्झॉस्टच्या बाजूला: उष्णता. मिश्रणात पेट्रोल कमी पडले, ऑइल कमी होते किंवा कुठून तरी जादा हवा आत येत होती.
- फक्त इनटेकच्या बाजूला, तेही मळकट, घासल्यासारखे: एअर फिल्टरमधून धूळ आत गेली.
- पिस्टनच्या चार ठिकाणी समान अंतरावर: इंजिन एकूणच तापले. सिलिंडरवरच्या फिनमध्ये (थंडाव्यासाठीच्या पात्यांमध्ये) भुसा गच्च बसलेला असतो.
- सगळीकडून गोल: ऑइल न घालता साधे पेट्रोल भरले.

सायलेन्सर हातात असतानाच त्याची ठिणगी अडवणारी बारीक जाळी बघा. ती काजळीने बुजली असेल तर मशीन चालू होते, पण रेस घेत नाही, आणि दोष मात्र कार्बोरेटरवर जातो. जाळी ब्रशने साफ होते, नसेल होत तर नवी घ्यावी. हा बहुधा अख्ख्या मशीनमधला सर्वांत स्वस्त पार्ट.

कॉम्प्रेशन, ठिणगी, पेट्रोल: याच क्रमाने

कॉम्प्रेशन: प्लगच्या जागी गेज लावा, रेस पूर्ण दाबून धरा, डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (दोरी ओढणे सोपे व्हावे म्हणून दाब सोडणारा) असेल तर तो बंद ठेवा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा, साधारण पाच-सहा वेळा. निरोगी मशीन सुमारे १२० ते १६० पीएसआय दाखवते, मोठी मशीन त्याहूनही जास्त. १०० च्या खाली आकडा आला तर मशीन गरम झाल्यावर त्रास देणारच. गेज निवडताना एक बघा: एकतर्फी व्हॉल्व्ह प्लगकडच्या टोकाला असावा. तो गेजकडच्या टोकाला असला तर लांब नळीतली हवा या छोट्या इंजिनच्या हिशेबात धरली जाते, आकडा खोटा कमी येतो आणि चांगला पिस्टन उगाच बदलला जातो. मोटारगाडीच्या गेजमध्ये हीच अडचण असते.

आकडा कमी आला म्हणून लगेच पिस्टन मागवू नका. प्लग घट्ट आहे का आणि डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह गळतो का, ते बघा. व्हॉल्व्हभोवती साबणाचे पाणी लावून दोरी ओढली की बुडबुडे येतात.

ठिणगी: टेस्टर लावून दोरी ओढा. ठिणगी नसेल तर आधी नवा प्लग घालून बघा, गॅप ०.५ मिमी. तरीही नसेल तर कॉइलकडून स्विचकडे जाणारी बारीक वायर कॉइलवरून काढा आणि पुन्हा ओढा. आता ठिणगी आली तर कॉइल चांगली आहे. दोष स्विचमध्ये आहे किंवा कुठेतरी खरवडून बॉडीला टेकलेल्या त्या वायरमध्ये आहे. 'कॉइल गेली' म्हणून आलेल्या मशीनवर ही एक मिनिटाची तपासणी सगळ्यात आधी व्हायला हवी, आणि नेमकी तीच राहून जाते.

पेट्रोल: टाकीतला फिल्टर, नळी आणि टाकीचा व्हेंट (टाकीत हवा घेणारी वाट). व्हेंट बुजला की मशीन दहा-पंधरा मिनिटे चालून बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू होते. तापल्यावर मरणारी कॉइलही अगदी असेच वागते. दोघांत फरक असा करा: बंद पडताच टाकीचे झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा आवाज झाला आणि मशीन लगेच चालू झाली, तर व्हेंट. झाकण उघडूनही चालू होत नसेल तर तिथल्या तिथे, मशीन गरम असतानाच ठिणगी तपासा. थंड झाल्यावर तपासलेली कॉइल नेहमी निर्दोषच दिसते.

हवेची गळती

ही पायरी सर्रास वगळली जाते आणि नवे पिस्टन जळतात ते यामुळेच. दोन स्ट्रोकच्या इंजिनमध्ये क्रँककेस (पिस्टनखालची, क्रँकची पेटी) हवाबंद असावी लागते. ऑइल सील, इनटेकचा रबरी बूट, इम्पल्सची नळी (क्रँककेसचा दाब कार्बोरेटरच्या पंपाला पोचवणारी) किंवा सिलिंडरखालचे पॅकिंग यांतून बाहेरची हवा आत आली की मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रणात पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पडते, म्हणून पिस्टन तापतो आणि कोरडाही पडतो.

तपासणी अशी. सायलेन्सर आणि सिलिंडर यांच्यामध्ये जुन्या ट्यूबच्या रबराचा तुकडा घालून स्क्रू घट्ट करा. तसाच तुकडा कार्बोरेटर आणि बूट यांच्यात घाला. पिस्टन तळाशी आणा, म्हणजे सिलिंडर आणि क्रँककेस एकमेकांना जोडलेले राहतात. प्लगच्या भोकातून अडॅप्टरने किंवा इम्पल्सच्या नळीतून पंप जोडा आणि ०.५ बार हवा भरा. अर्धा मिनिट काटा जागेवर राहायला हवा. खाली येत असेल तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधा.

मग तेवढाच व्हॅक्युम द्या. हे वेगळे करावेच लागते, कारण ऑइल सीलचा ओठ आतल्या दाबाने दांड्यावर दाबला जातो आणि गळती झाकतो. व्हॅक्युममध्ये तो सैल पडतो. व्हॅक्युम चालू असताना क्रँक हळू फिरवून बघा. काही जागीच गळत असेल तर दांडा झिजला असण्याची शक्यता आहे.

ऑइल सील हा काही महाग पार्ट नव्हे. बदलण्यासाठी क्लच आणि मॅग्नेट (चुंबक बसवलेले फ्लायव्हील) उतरवा, वाकड्या हुकाने सील उपसा (दांड्याला चरा पडता कामा नये), नव्याच्या ओठाला ग्रीस लावा आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढ्या सॉकेटने सरळ ठोकून बसवा. क्लचचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सैल होतो. चुकीच्या दिशेने जोर लावून क्लच फोडला की महाग पार्टांच्या यादीत आणखी एक भर. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून दोरीचा पीळ आत सोडा, पण पिस्टनने एग्झॉस्टचे भोक ओलांडल्यावरच. नाहीतर दोरी त्या भोकात अडकून कापली जाते.

महाग पार्टच्या आतला स्वस्त तुकडा

कार्बोरेटर: नळीवर पंप लावून पेट्रोलच्या वाटेने सुमारे ०.७ बार दाब द्या. दाब टिकला तर नीडल (पेट्रोलची वाट उघडझाप करणारी सुई) नीट बसते आहे. टिकला नाही तर नीडलखाली कचरा आहे किंवा नीडल झिजली आहे. दोन्ही बाजूंची झाकणे उघडून पडदे बघा. चांगला पडदा बोटाने हलकेच दाबला तर मऊपणे वाकतो. ताठ, कुरकुरीत, सुरकुतलेला पडदा म्हणजे मशीन थंड असताना कशीबशी चालू होणार आणि रेस दिली की मान टाकणार. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल महिनोन्महिने टाकीत राहिले की पडद्यांची हीच गत होते.

किट दोन प्रकारचे मिळते. एकात फक्त पडदे आणि पॅकिंग, दुसऱ्यात त्याबरोबर नीडल, लिव्हर, स्प्रिंग आणि बारीक जाळीही. दुसरे घ्या, किमतीत फारसा फरक नसतो. किट मशीनच्या मॉडेलवरून मागवू नका. कार्बोरेटरच्या बॉडीवर वॉलब्रो, झामा वगैरे कंपनीचे नाव आणि क्रमांक कोरलेला असतो, त्यावरून मागवा. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे कार्बोरेटर लागलेले असू शकतात.

किट घालताना इतके सांभाळा:

- खोलताना प्रत्येक थराचा फोटो काढा. मीटरिंगच्या (नीडल-लिव्हरच्या) बाजूला आधी पॅकिंग, मग पडदा. पंपाच्या बाजूला बहुतेक कार्बोरेटरमध्ये उलटे: आधी पडदा, मग पॅकिंग. हे उलटसुलट झाले की नवे किट घालूनही मशीन चालत नाही, आणि नेमका इथेच नवा कार्बोरेटर मागवला जातो.
- लिव्हरची उंची काढण्याआधी बघून ठेवा. लिव्हर खाली राहिली तर पेट्रोल कमी पडते, वर राहिली तर मशीन पेट्रोलने भरून जाते.
- पंपाच्या पडद्याखाली बारीक गोल जाळी असते. कार्बोरेटर खराब ठरवण्याआधी ती साफ करा.
- कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका. मुख्य नोझलमध्ये एकतर्फी व्हॉल्व्ह असतो, तो उडतो किंवा फाटतो, आणि मग खरोखरच नवा कार्बोरेटर घ्यावा लागतो. तार घालून भोके उकरणे हाही त्याच थाटाचा उद्योग.

सेटिंगसाठी मिश्रणाचे दोन्ही स्क्रू (कमी रेसचा लो आणि पूर्ण रेसचा हाय) हलक्या हाताने तळाला टेकवा आणि एकेक फेरा उघडा. ही फक्त सुरुवात. हाय स्क्रू असा ठेवा की मशीन मोकळी, पूर्ण रेसवर असताना आवाज किंचित भरडा येईल आणि लाकडात घातल्यावर साफ होईल. मोकळ्या रेसवर कर्कश, सपाट किंचाळी येत असेल तर मिश्रण पातळ आहे. लगेच उघडा. टॅकोमीटर असेल तर कंपनीने दिलेल्या कमाल फेऱ्यांच्या वर जाऊ देऊ नका. एम-ट्रॉनिक किंवा ऑटोट्यून प्रकारच्या मशीनला असे स्क्रूच नसतात. तिथे मिश्रण इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह ठरवतो, आणि तो तपासायला कंपनीचे उपकरण लागते. मात्र फिल्टर, नळी, व्हेंट आणि हवेची गळती यांचे नियम त्यांनाही तेच. कारण न शोधता हे महाग कार्बोरेटर बदलत बसण्यात पैसे सर्वांत लवकर संपतात.

कॉइल: वायर काढूनही ठिणगी नसेल तर प्लगची टोपी काढून आतली स्प्रिंग बघा. गंजलेली असते, किंवा वायरच्या मध्यात टोचलेली नसते. वायर लांब असेल तर टोक चार-पाच मिलिमीटर कापून टोपी पुन्हा बसवा. कॉइलचे पाय आणि मॅग्नेटचे चुंबक यांवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढा आणि दोघांमधले अंतर ०.३ मिमीच्या आसपास ठेवा. जाड व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून कॉइल चुंबकाला चिकटू द्यायची, स्क्रू आवळायचे आणि कार्ड ओढून घ्यायचे. मल्टिमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. आजच्या कॉइलमध्ये इलेक्ट्रॉनिक्स असते, आणि चांगली कॉइलही विचित्र आकडे दाखवते.

ठिणगी असूनही मशीन फटफटते, दोरी हातातून उलटी हिसकते, तर कॉइल सोडा आणि मॅग्नेट उतरवा. खालची चावी कापली गेली की टायमिंग सरकते. चावी सुटी मिळते आणि क्षुल्लक किमतीची असते. काही मशीनमध्ये मात्र ती मॅग्नेटमध्येच ओतलेली असते. तिथे मॅग्नेट बदलावे लागते.

ऑइल पंप: चेनला ऑइल येत नाही, तर आधी पट्टीवरचे ऑइलचे भोक, मग टाकीतला ऑइल फिल्टर, मग नळी. त्यानंतर क्लचच्या मागचा प्लॅस्टिकचा वर्म गिअर. बऱ्याच मशीनवर पंप चांगला असतो, वर्मचे दाते वितळलेले असतात. ते वितळण्याचे कारण म्हणजे चेन ब्रेक लावलेला असताना रेस देणे: क्लच घसरतो, ड्रम तापतो आणि शेजारचे प्लॅस्टिक जाते. वर्म बदलून सवय तीच ठेवली तर पुढच्या वेळी ड्रमही जाईल.

क्लच: निष्क्रिय रेसवर (आयडलवर) चेन फिरते, तर आधी आयडल कमी करून बघा. तरी फिरत असेल तर क्लचच्या स्प्रिंगा ताणलेल्या किंवा तुटलेल्या असतात. त्या सुट्या मिळतात. ड्रमच्या आतल्या नीडल बेअरिंगला ग्रीस नसेल तर तेही कारण असू शकते.

स्प्रॉकेट: दातांवर चेनने पाडलेली खाच ०.५ मिमीपेक्षा खोल गेली की बदला. ड्रम एकसंध स्प्रॉकेटचा असेल तर पूर्ण ड्रम घ्यावा लागतो. त्याच मॉडेलला सुटी रिम (दातेरी कडी) बसणारा ड्रम मिळत असेल तर एकदाच तो घ्या, पुढे फक्त रिम बदलत राहायची. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली की चेनही लवकर ताणते. दोन चेनमागे एक रिम, हा हिशेब सोयीचा.

सिलिंडर वाचतो का?

पिस्टन गेला म्हणजे सिलिंडरही गेला असे नाही. सिलिंडरच्या आत क्रोम किंवा निकासिलचा कडक थर असतो आणि पिस्टन मऊ ॲल्युमिनियमचा. जाम झाल्यावर पिस्टनचेच धातू सिलिंडरवर फासले जाते, आणि जे ओरखडे म्हणून दिसतात ते बहुतेक वेळा हे वर चढलेले थर असतात. नख फिरवून बघा. उंचवटा लागला तर आशा आहे. नख खड्ड्यात अडकले किंवा कडक थर सोलून खालचा मऊ धातू उघडा पडला असेल तर सिलिंडर संपला. थराच्या या सिलिंडरला बोअर करून मोठा पिस्टन घालता येत नाही.

फासलेले ॲल्युमिनियम २२० ते ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने, थोडे ऑइल लावून, तिरक्या रेषांमध्ये हाताने काढा. एका जागी जोर लावत बसू नका आणि भोकांच्या कडांपाशी हलका हात ठेवा. बरेच जण हे काम हायड्रोक्लोरिक ॲसिडने करतात. ॲल्युमिनियम त्याने विरघळते खरे, पण भोकांतून आत गेले तर सिलिंडरची बॉडीही खाते, क्रोमच्या थरालाही सोडत नाही, आणि वाफ फुप्फुसांना घातक असते. नवख्याने या वाटेला जाऊ नये. पेपरने वेळ जास्त लागतो, एवढेच.

सिलिंडर साफ झाला की धुऊन, पुसून, ऑइल लावून नवी रिंग एकटीच आत सरकवा आणि पिस्टनने ढकलून सरळ करा. तिच्या दोन टोकांतले अंतर फिलर गेजने मोजा. १ मिमीच्या वर असेल तर सिलिंडर झिजला आहे किंवा रिंग चुकीच्या मापाची आहे.

बसवताना पिस्टनवरचा बाण एग्झॉस्टकडे. रिंगची टोके खाचेतल्या खिळीच्या दोन्ही बाजूंना नीट बसली पाहिजेत. गज पिनचे (पिस्टनला कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनचे) लॉक दरवेळी नवे, आणि त्यांचे उघडे तोंड वर किंवा खाली, आडवे नाही. जुने लॉक पुन्हा वापरून वाचवलेले पैसे वाचत नाहीत. ते सुटले की अख्खा सिलिंडर चिरून जातो.

पर्यायी कंपनीचा सिलिंडर असेल तर आणखी एक मोजमाप घ्या. २ मिमीची सोल्डरची तार प्लगच्या भोकातून गज पिनच्या रेषेत सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत घाला आणि क्रँक हाताने फिरवून ती चेपू द्या. चेपलेले टोक ०.५ मिमीपेक्षा पातळ आले तर पिस्टन सिलिंडरच्या टोपीवर आदळू शकतो. जाड पॅकिंग घाला.

मॉडेल एकच म्हणून पिस्टन एकच, असे धरून चालू नका. स्टिल ०४४ मध्ये आधी १० मिमीची आणि नंतर १२ मिमीची गज पिन आली. दिसायला मशीन तीच, पिस्टन मात्र वेगळे. बोअर आणि पिन दोन्ही कॅलिपरने मोजूनच मागवा.

ओरिजिनल कुठे, पर्यायी कुठे

प्लग, रिकॉइलची दोरी, पेट्रोल फिल्टर, प्रायमरचा फुगा, एअर फिल्टर, पट्टी आणि चेन यांत नामांकित पर्यायी कंपनीचा माल निर्धास्त घ्या. चेन घेताना पिच (कड्यांमधले अंतर), गेज (ड्राइव्ह लिंकची जाडी, बहुधा १.३, १.५ किंवा १.६ मिमी) आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे पट्टीच्या खाचेत चालणाऱ्या कड्यांची संख्या या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. पट्टीची इंचातली लांबी सांगून चेन घेतली की हमखास चुकते. पेट्रोलची नळी मीटरवर मिळते, आतला आणि बाहेरचा व्यास मोजून घ्या. काही मशीनला साच्यात वळवलेली नळी लागते, तिथे सरळ नळी दुमडते आणि पेट्रोल अडते.

पिस्टन आणि रिंगमध्ये इटलीच्या मेटिओर आणि केबर यांच्यासारख्या कंपन्यांचा माल चांगला समजला जातो. त्यात ओरिजिनलपेक्षा बरीच बचत होते. अगदी स्वस्त, नाव नसलेल्या सेटमध्ये पिस्टन एकवेळ चालतो, सिलिंडरच्या भोकांच्या कडा मात्र धारदार सोडलेल्या असतात आणि रिंग त्यात अडकून तुटते. असा सेट घेतलाच तर कडा बारीक पेपरने गोलसर करा आणि सेटबरोबर आलेले लॉक फेकून ओरिजिनल लावा.

स्वस्त कॉइल आणि हुबेहूब नकल केलेले कार्बोरेटर हा जुगार आहे. चालले तर वर्षानुवर्षे चालतात. नाही चालले तर दोष कुठे आहे हेच कळेनासे होते, कारण नव्या पार्टवर संशय घ्यायचे मनातच येत नाही. जुना ओरिजिनल कार्बोरेटर किट घालून वाचत असेल तर तो नव्या नकलेपेक्षा बरा.

चेन ब्रेकची पट्टी (ड्रमभोवतीची), ब्रेकची स्प्रिंग, पुढचा हँडगार्ड, क्लच आणि चेन कॅचर (तुटलेली चेन अडवणारा) यांत तडजोड नको. ब्रेकची पट्टी सर्वांत झिजलेल्या जागी ०.६ मिमीच्या खाली गेली असेल तर बदला, आणि ओरिजिनलच घ्या.

बेअरिंग आणि ऑइल सील वेगळ्याच वर्गात मोडतात. क्रँकचे बेअरिंग पुष्कळदा ६२०१ किंवा ६२०२ अशा प्रमाणित क्रमांकाचे असते आणि बेअरिंगच्या दुकानात कमी किमतीत मिळते. मात्र क्रमांकानंतरची अक्षरे जुळवा: सी३ लिहिले असेल तर सी३च. बेअरिंग दोन्ही बाजूंनी उघडे हवे, कारण त्याला वंगण पेट्रोलमधल्या ऑइलचेच मिळते. सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. पेट्रोल आणि उष्णता सोसणाऱ्या रबराचे सील मागा.

पार्ट नंबर, जुनी मशीन, तुटलेले आटे

कंपनीची चित्रांसह पार्ट्स लिस्ट मिळवा आणि नंबरवरच बोला. स्टिलच्या नंबरचे पहिले चार आकडे मशीनचे कुटुंब सांगतात: ११२३ म्हणजे एमएस २१०, २३०, २५० चे कुटुंब, ११३० म्हणजे एमएस १७० आणि १८० चे. म्हणजे एमएस २५० साठी ११२३ ने सुरू होणारा पार्ट दुसऱ्या भावंडाच्या मशीनवरूनही येऊ शकतो. नऊने सुरू होणारे नंबर स्क्रू, बेअरिंग, लॉक अशा सामायिक वस्तूंचे. लिस्टमध्ये 'असेंब्ली'चा नंबर ठळक असतो. त्याच्या खाली आत सरकवून लिहिलेले नंबर वाचा, सुटे तुकडे तिथे सापडतात. जुना नंबर बंद झाला असेल तर त्याच्या जागी आलेला नवा नंबर विचारा. पार्ट बंद झाला असे त्यावरून ठरत नाही.

तीन-चार महाग पार्ट एकदम लागत असतील तर त्याच मॉडेलची मेलेली मशीन शोधा, पण तिचा आजार तुमच्या मशीनपेक्षा वेगळा हवा. तुमची कॉइल आणि कार्बोरेटर गेले असतील तर जळालेल्या पिस्टनची मशीन सोने. घेण्याआधी सायलेन्सर खोलून बघा, ठिणगी तपासा, टाकी आणि क्रँककेसला तडा नाही ना ते पाहा. झाडाखाली सापडून चेपलेली मशीन आतून बऱ्याचदा उत्तम असते.

सायलेन्सरचे किंवा पट्टीच्या बोल्टचे आटे गेले म्हणून क्रँककेस बदलू नका. हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घाला. एम५ आणि एम८ हे दोन संच बहुतेक कामे भागवतात. ड्रिल सरळ धरा आणि खोलीची खूण टेपने करा, मॅग्नेशियमची बॉडी पातळ असते. पेट्रोलच्या टाकीच्या तड्याला साधा इपॉक्सी लावून वेळ घालवू नका. पेट्रोल आणि थरथर दोन्ही सोसून तो फार टिकत नाही.

हात कधी टेकायचे

क्रँकच्या बेअरिंगची जागा फुटली असेल तर. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढल्यावर ढिला लागत असेल, किंवा तापून निळा पडला असेल तर. रॉडचा डावी-उजवीकडचा थोडा खेळ नेहमीचा असतो, उभा खेळ मात्र अजिबात नको. क्रँक सहसा रॉडसकट एकत्रच मिळतो आणि त्याच्यासोबत बेअरिंग, सील, पॅकिंग सगळे आलेच.

घरगुती वर्गातल्या बऱ्याच मशीनमध्ये सिलिंडर आणि खालचे झाकण यांच्यात क्रँक दाबून बसवलेला असतो. तिथे पिस्टन बदलायलाही इंजिन बॉडीतून बाहेर काढावे लागते आणि जोड सीलंटने बंद करावा लागतो. अशा मशीनचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर गेला की पार्टांसाठी ठेवून देणे शहाणपणाचे. व्यावसायिक वर्गातली मशीन असेल तर ही मर्यादा सैल करता येते, कारण तिचा क्रँककेस आणखी दोन पिस्टन पाहील.

हिशेब करताना पॅकिंग, लॉक, सील, नळ्या, प्लग सगळे यादीत धरा आणि एकदमच मागवा. महाग पार्ट आला आणि पॅकिंगसाठी काम अडले, की जुने पॅकिंग लावायचा मोह होतो.

जोडल्यावर

मिश्रण कंपनीने सांगितलेले आणि ताजे: ५०:१ असेल तर लिटरमागे २० मिली ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली. नवा पिस्टन असेल तर पहिल्या दोन-तीन टाक्यांपर्यंत हाय स्क्रू किंचित उघडा ठेवा आणि मोकळ्या मशीनला पूर्ण रेस देत उभे राहू नका. पहिल्या टाकीनंतर मशीन थंड होऊ द्या, सायलेन्सर आणि कार्बोरेटरचे स्क्रू पुन्हा आवळा आणि प्लग काढून बघा. फिकट तपकिरी रंग बरोबर, पांढरा पडला असेल तर मिश्रण पातळ आहे. गळतीची तपासणी पुन्हा करा. पट्टी आणि चेन लावून चेन ब्रेक तपासा: रेस देऊन ब्रेकचा हँडगार्ड पुढे ढकलला की चेन क्षणात थांबली पाहिजे, आणि ब्रेक सोडून आयडलवर ती अजिबात फिरता कामा नये.